पाच शेतांचं एक लॉन

आमच्या गावात लॉन पिकवणारी पाच घरं. बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागेत अंथरतात ते गवत, मातीसकट तुकडे कापून विकायचं. पाचही घरं नात्यागोत्यातली, आणि धंद्यात मात्र एकमेकांच्या मुळावर उठलेली. करंजाड्याचा बागांचा ठेकेदार एकाला फोन करायचा, त्याचा भाव ऐकून दुसऱ्याला सांगायचा, "बाजूवाला कमीत देतो." दुसरा आणखी खाली उतरायचा. टेम्पोचं भाडं वजा जाऊन हातात काय राहायचं, डोंबल!

मी सुकापूरहून दर रविवारी बाबांकडे जायची आणि हेच ऐकून चिडायची. शेवटी मीच पाच घरी फिरले आणि सहकारी सोसायटी काढा म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं. एकच भाव, एकच टेम्पो, आणि एकट्याला न झेपणारी मोठी ऑर्डर सगळ्यांनी मिळून पुरी करायची. सगळ्यांना पटलं. अडचण एकच निघाली. पाच शेतांतलं गवत एका बागेत अंथरायचं, तर ते एकाच जातीचं हवं, नाहीतर ठिगळं दिसणार. चौघांकडे बारीक पानाचं होतं. वेगळं होतं ते फक्त आमचं.

आमचं गवत आईने लावलेलं. कापलं की मागे राहिलेल्या मुळांतून तेच पुन्हा फुटायचं. ती गेल्यापासून बाबा तिचं नावच काढत नव्हते. आम्ही काढलं तर उठून शेतावर जायचे आणि त्या गवतात बसून राहायचे.

आता ते उपटा, हे त्यांना सांगायचं कोणी? खूळ माझं, म्हणजे मीच. ते नाही म्हणाले असते, तर मी तिथल्या तिथे सोसायटीचा नाद सोडला असता.

"आपल्यापायी चार घरांचा कशाला अडवाचा?" बाबा म्हणाले. "काढा."

नवी लावणी सावडीने ठरली. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, घरटी एक बाई यायची, आज आमच्या शेतात लावणीला, उद्या दुसऱ्याच्या शेतात कापणीला. आमच्याकडून मी. पण लावायच्या बारीक गवताच्या काड्यांची दुसरी खेप आणायला टेम्पोबरोबर मलाच जावं लागलं.

परतले तर बायका ओल्या मातीत रांगेने बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध बाबा, लेंगा वर खोचून, एकेक काडी दाबत. आमच्याकडे लावणीला पुरुष बसत नाहीत.

"अगो, बाबाला सांग तुज्या, कंबर धरंल," शेजारची काकी हसून म्हणाली.

बाबांनी मान वर केली नाही. "आपल्या घरातना कोन नको काय?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि भराभर लावू लागले. त्यांनी माझा हात धरून थांबवला.

"दाट लाव. तुजी आय इरल लावू द्याची नाय."

मग दुपारपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत राहिले.