आमच्या हॉस्पिटलातला इंग्लंडचा राजा

आखातात राहिलेली माणसं भेटली की आधी इकाम्याची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची चौकशी होते, मग मुलांची. त्यानंतर जे किस्से सुरू होतात ते दोनदा चहा झाला तरी संपत नाहीत. मी सौदीतलं अल-खोबर सोडून गेल्या वर्षी नाशिकला परत आले. तिथल्या सहकाऱ्यांचा फोन आला की अर्धा वेळ एकाच माणसावर जातो. रॉजर, आमच्या हॉस्पिटलातला इंग्लंडचा राजा!

रॉजर मशिनी दुरुस्त करायचा. साठीला टेकलेला, अबोल, शर्टाच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. लंडनचा राज्याभिषेक टीव्हीवर चालू होता तेव्हा आम्ही सगळे स्टाफरूममध्ये तोंड वासून बघत होतो. रॉजर समोसा खात होता. तो शांतपणे म्हणाला, "खरं तर तिथे मी बसायला हवा होतो."

मग कळलं, की काही शतकांपूर्वी दोन भावांत थोरल्याला डावलून धाकट्याला गादी मिळाली, आणि रॉजर त्या थोरल्याच्या वंशातला. त्याचे वडील सांगायचे, त्यांना त्यांचे वडील सांगायचे. खरं-खोटं देव जाणे! मी विचारलं, मग आता पुढे काय?

"पुढे डायलिसिसचं मशीन. पाणी गळतंय."

*

एकदा ऑफिसच्या ढिलाईमुळे रॉजरचा इकामा वेळेत नवा झाला नाही. इकामा नाही म्हणजे प्रवास नाही. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि हा रोज ऑफिसबाहेर बाकावर बसलेला.

आमच्या गाड्यांचा कारभार बघणारे उस्मानभाई रत्नागिरीकडचे. ते हळहळले, म्हणाले, राजाला पण कफील, परवान्यासाठी हमी देणारा मालक लागतो म्हणजे कमाल झाली. रॉजरला याचं सगळ्यात जास्त हसू आलं. म्हणाला, रांगेत थांबायची आमच्या घराण्याला जुनी सवय आहे.

लग्न चुकलंच. फोटो मात्र त्याने सगळ्या वॉर्डांना दाखवले.

*

एका शुक्रवारी मी दोघांना जेवायला बोलावलं. बिर्याणी टेबलावर आली आणि कोणी जेवेचना! राजाने पहिला घास घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, असं उस्मानभाईंनी मनात ठरवलेलं. यजमानीण बसल्याशिवाय चमचा उचलायचा नाही, ही रॉजरची रीत. आणि पाहुण्यांचं झाल्याशिवाय बसायचं नाही, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. मी आग्रह करतेय, रॉजर मान डोलावतोय, उस्मानभाई रॉजरकडे बघतायत. बिर्याणी गार.

शेवटी माझी लेक इंग्रजीत म्हणाली, कोणीतरी जेवा ना, नाहीतर मी नूडल्स करते.

*

उस्मानभाईंनी रॉजरला एवढं मनापासून राजा का मानलं, ते मला उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांनी गावची हापूसची बाग थोरल्या उस्मानभाईंना सोडून धाकट्या इक्बालच्या नावावर केली होती. इक्बाल राहायचा दम्मामला, गाडीने अर्ध्या तासावर. पण भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

यंदा सुट्टीत गावी जाऊन कोर्टात जायचंच, असं उस्मानभाईंनी ठरवलं. एकदा कोर्टाची पायरी चढली की भाऊ भाऊ राहत नाहीत, हे मी माझ्या माहेरी पाहिलं होतं. मला खरंच धास्ती वाटत होती. पण त्यांना सांगणार कोण! उलट ते रॉजरलाच म्हणाले, "हक्क सोडू नये. तुम्ही पण दावा लावा."

रॉजरने फक्त विचारलं, त्या बागेतले आंबे चवीला कसे आहेत?

दर मोसमात गावाहून पेट्या यायच्या त्या इक्बालकडे. भांडण झाल्यापासून उस्मानभाईंनी त्या बागेचा आंबा चाखला नव्हता.

*

मे महिन्यात रॉजरचं काँट्रॅक्ट संपलं. जायच्या आधीच्या शुक्रवारी तो उस्मानभाईंना म्हणाला, दम्मामला एक काम आहे, सोडाल का? पत्ता तो वळणावळणावर सांगत गेला. गाडी थांबली तेव्हा उस्मानभाईंनी बिल्डिंग ओळखली. ते स्टिअरिंग घट्ट धरून बसले, उतरले नाहीत.

रॉजर एकटाच वर गेला. आम्ही थट्टेने त्याला राजा म्हणायचो, पण मी राजा आहे असं तो स्वतः कधीच म्हणाला नव्हता. इक्बालने दार उघडलं तेव्हा तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मैं इंग्लंड का राजा. आम चाहिए. नीचे तुम्हारा बडा भाई बैठा है. उसको भी चाहिए."

इक्बाल खिडकीशी जाऊन बराच वेळ खाली बघत राहिला. मग पेटी उचलून जिना उतरला. रॉजर मागून आला. इक्बालने गाडीचं मागचं दार उघडलं आणि तसाच उन्हात उभा राहिला.

उस्मानभाई समोरच बघत होते. मान न वळवता म्हणाले, "आत बस. एसी वाया जातो हाय."