गुणवंतरावांनी पास केलेलं हृदय

हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यात गुणवंतरावांना सगळे ‘गेजवाले काका’ म्हणत. सरकारी कारखान्यात गेज लावून लोखंडी सुट्या भागांची मापं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. दोन भागांत केसाएवढा फरक निघाला की माल परत. फरक म्हणजे खोट, एवढं एकच शास्त्र ते शिकले आणि निवृत्तीनंतर तेच घरी घेऊन आले. कुंदाताईंच्या दोन पोळ्या एकसारख्या नसल्या, तर ते त्या एकीवर एक ठेवून दाखवत. कुंदाताई हसण्यावारी नेत. अशा माणसाशी संसार करायचा तर कातडी जाडच असावी लागते.

कुंदाताईंना शुगरचा त्रास होता. म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं, वैभवीनं, आईसाठी मनगटावरचं घड्याळ पाठवलं. ते रात्रभर हृदयाचे ठोके टिपायचं आणि सकाळी गुणवंतरावांच्या फोनवर आकडा दाखवायचं.

“बाबा, ये वाला देखना,” वैभवीनं फोनवर घाईघाईत सांगितलं. “दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात किती फरक पडते, त्याचा आकडा. रोज पाहत जा. तुम्हाला काय सांगू, तुम्ही तर मापातलेच माणूस!”

मापातला माणूस खूश झाला. हा फरक वाढलेला बरा की कमी झालेला, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

दिवाळीनंतर आकडा उतरू लागला. गुणवंतराव सकाळी फोन घेऊन स्वयंपाकघरात येत. “पाह्य कुंदा, आज अजून फरक कमी झाला. एकदम सेट होऊन राहिलं तुझं हृदय!”

कुंदाताई चक्क लाजत. लग्न झाल्यापासून या माणसानं त्यांची एक गोष्ट धड पास केली नव्हती. आता हृदय पास होत होतं, तेही रोज.

त्याच दिवसांत गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना त्या जिन्याच्या वळणावर थांबू लागल्या. “अहो, दम लागून राहिला मला. छातीत दुखत नाही, पण जीव कसा घाबरा होते.”

“काहून घाबरते? आकडा पाह्य ना. वजन वाढलं तुझं, बस्स.”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मदन महल मोहल्ल्यात धाकट्या बहिणीकडे, दीपाकडे, जाऊन आल्या. आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणाल्या, “दीपा म्हणते, डॉक्टरला दाखव.”

“दीपापाशी मशीन आहे काय?” गुणवंतराव म्हणाले. त्यानंतर कुंदाताईंनी तो विषय काढला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्या ओट्यापाशी घामानं निथळत खाली बसल्या. शब्द फुटेना. शेजाऱ्यानं ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की झटका पूर्वीच कधीतरी येऊन गेलाय. शुगर असलेल्या माणसाला कधी कधी दुखत नाही, नुसता दम लागतो. हृदयाची ताकद निम्म्यावर आली होती.

“सर, रीडिंग तो बढ़िया था,” गुणवंतरावांनी फोन पुढे केला. “रोज फर्क कम हो रहा था.”

डॉक्टरांनी फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मशीन छोड़िए. ये खुद कुछ बोल रही थीं?”

“बोल रही थी,” गुणवंतराव म्हणाले.

वैभवी धावत आली. बाहेरच्या बाकावर बसून तिनं त्यांना पहिल्यांदा नीट समजावलं. “श्वास घेतला की हृदय जरा जोरात चालते, सोडला की जरा हळू. ते असं मोकळं चालायलाच पाहिजे, बाबा. आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा फरक कमी होत गेला, म्हणजे शरीरावर ताण आहे. तापानं पण होते, झोप नाही झाली तरी होते. त्यावरून कोणता आजार ते नाही समजत. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.” मग ती हळूच म्हणाली, “पण आई तर सांगत होती ना?”

गुणवंतरावांना राग आला. आधी लेकीचा, मग घड्याळाचा, आणि ज्याचा यायला हवा होता त्याचा सगळ्यात शेवटी.

कुंदाताई घरी आल्या. त्यांचा पलंग बैठकीत लावला. गुणवंतराव चहा करायला शिकले, घड्याळ कपाटात गेलं. वैभवी पुण्याला परतली. “तुमच्या घोरण्यानं झोप मोडते,” म्हणून कुंदाताईंनी नवऱ्याला आतल्या खोलीत झोपायला धाडलं. रोज सकाळी ते विचारत, “कसं वाटून राहिलं?” त्या म्हणत, “छान. मस्त झोप लागली.” ते ऐकलं की त्यांना हायसं वाटे.

एका सकाळी ते चहा घेऊन दारापर्यंत आले, तर कुंदाताई फोनवर दीपाशी बोलत होत्या. “नाही गं, उशा लावून बसूनच रात्र काढली. आडवं झालं की गुदमरते. यांना नको सांगू.” पलीकडून दीपानं काहीतरी विचारलं असावं. “आधी सांगितलं होतं ना दोनदा,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच गुणवंतरावांना जास्त लागलं. “आता सांगायची सवयच नाही राहिली.”

त्यांनी फोन ठेवल्यावर गुणवंतराव आत गेले.

“कसं वाटून राहिलं?”

“छान.”

गुणवंतरावांनी कप स्टुलावर ठेवला आणि खिशातून फोन काढून डॉक्टरांना लावला.

“काहून? काय झालं?” कुंदाताईंनी विचारलं.

“तू सांग,” ते म्हणाले आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

पलीकडून डॉक्टर “हॅलो, हॅलो” म्हणत राहिले. कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, चहाचा कप उचलला आणि तोंडाला लावला.