पट्टी घातलेली चाकं

आमच्या संत तुकाराम नगरात दारोदार सायकली उभ्या असत, फार तर एखादी स्कूटर. आमच्या दारात मात्र ताडपत्रीखाली दोन माणसांची, बिनटपाची एक विलायती गाडी उभी होती. लोकांना तिचं केवढं कौतुक. मला ती सवतीसारखी वाटायची. मुंबईत कुणीतरी झाडावर घालून मोडलेली ती गाडी ह्यांनी भंगारातून आणली होती, आणि शिफ्ट संपली की हे तिच्यात डोकं घालून बसायचे. हे कंपनीत टूलरूममध्ये होते. हाताला गुण होता, ते मी कधीच नाकारलं नाही. हळूहळू गाडी उभी राहिली, चालू लागली आणि पळायलाही लागली.

सत्तरीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा मोटार क्लबाने घाटात शर्यत ठेवल्याचं ह्यांच्या कानावर आलं, आणि आमच्या घरातली शांतता गेली.

गाडीला एक खोड होती. वेगात वळण घेतलं की ती वळत नसे, नाक बाहेरच्या बाजूला सरकत जाई. ह्यांचं म्हणणं, पुढचे टायर अरुंद आहेत, रस्ता धरत नाहीत. रुंद टायर मुंबईहून आले. पण रुंद टायरला चाकही रुंद लागतं, आणि तसं तयार चाक कुठे मिळेना. जीपचं आणून पाहिलं तर भोकं जुळली नाहीत. परदेशातून मागवलं असतं तर शर्यत होऊन गेल्यावर आलं असतं. मग उरला एकच मार्ग. होती तीच लोखंडी चाकं घेराभोवती कापायची, दोन भागांच्या मध्ये पट्टी घालायची आणि वेल्डिंगने जोडून टाकायची. पट्टी किती रुंद घ्यायची हे ठरवायला ह्यांनी माझ्या परातीतला कणकेचा गोळा उचलला, टायर आणि मडगार्डच्या मध्ये दाबला आणि चेपलेली कणीक मोजून आले. वर मलाच विचारतात, आज पोळ्या कमी का?

वेल्डिंग ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्राने केलं. "वहिनी, हत्ती बसवा ह्याच्यावर," तो म्हणाला. मी म्हटलं, हत्तीचं मला काही नाही, माझा नवरा बसणार आहे.

मी स्वतः एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि घरी मी तेच काम फुकटात करते, असं हे चारचौघांत सांगायचे. तर मी घरीही तेच केलं. खडू कुटून पाण्यात कालवला आणि दोन्ही चाकांच्या जोडावर बाहेरून फासला. वाळल्यावर आतल्या बाजूने रॉकेल लावलं. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं रॉकेल, पण त्या दिवशी हात आखडला नाही. जोड पक्का असेल तर खडू पांढरा राहतो. एक चाक पांढरंच राहिलं. दुसऱ्यावर मात्र केसाएवढी ओली रेघ उमटली आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटभर वाढली.

"वरवरची आहे," हे म्हणाले.

"वरवरची असती तर रॉकेल ह्या बाजूला आलं नसतं."

"रॉकेल काय, कुठूनही पाझरतं."

घाटात ऐन वळणावर पुढचं चाक तुटलं तर गाडी कुठे जाईल हे मला सांगायची गरज नव्हती, आणि ह्यांनाही नव्हती. आमची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. त्या रात्री मी जेवले नाही. त्याचा उपयोग झाला तो एवढाच, की दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "दुरुस्त केलं."

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते. त्या सकाळी मी बाहेर येऊन पाहते तर दोन्ही चाकं गाडीला लागलेली. त्यांवर रुंद टायर चढवलेले आणि जोडावर चंदेरी रंग. गाडी दिसत होती झोकात, खोटं कशाला बोलू. आता खडू लावायला जागाच राहिली नव्हती.

"पुन्हा रॉकेल लावून पाहिलं होतं?" मी विचारलं.

हे वाकून पाना शोधायला लागले. पाना त्यांच्या खिशातच होता.

खेडच्या पुढच्या घाटात जाऊन गाडी जोरात वळवून पाहायची असा ह्यांचा बेत होता. मी मुलीला शेजारी सोडलं, पदर खोचला आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले.

"तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. चाक चांगलं आहे ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. "चांगलंच आहे," म्हणाले, आणि किल्ली फिरवली.

रेघ पडलेलं चाक माझ्याच बाजूला होतं, पायांच्या थोडं पुढे. भोसरीपर्यंत मी त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. भोसरी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, आता हे गाडी सुसाट सोडणार म्हणून मी दार घट्ट धरलं. वेग वाढला नाही. मोशीला दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. ह्यांच्या कपाळावर घाम होता. खड्डा दिसला की बैलगाडी उतरावी तशी गाडी हळूच उतरवायचे आणि पुन्हा हळूच वर घ्यायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या चाकावर माझा जेवढा विश्वास होता, तेवढाच ह्यांचा होता.

इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली.

"तू उतर. मागून एसटी येईल, तिने घरी जा."

"आणि तुम्ही?"

"मी घाटापर्यंत जाऊन येतो."

"मी असताना सायकलच्या मागे चाललात. आता कसे जाणार?"

हे स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "एकट्याचं वेगळं असतं गं."

मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. माझा जीव जपायला हे एकेक खड्डा सांभाळत आले होते, आणि स्वतःचा जीव ते एका रंगवलेल्या चाकावर उधळायला निघाले होते.

"तुम्ही एकटे आहात, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी एवढंच म्हणाले. आणि उतरले नाही.

आम्ही तसेच बसून राहिलो. एसटी आली आणि धूळ उडवत निघून गेली. शेतातून एक म्हातारा दोन म्हशी घेऊन रस्त्यावर चढला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, रुंद टायरांकडे पाहिलं, मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बिघडली व्हय, भाऊ?"

"हो," हे म्हणाले. "पुढचं चाक चांगलं नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मंग फुडं जाऊ नगा," म्हणाला, आणि म्हशींना हाकत पुलाकडे गेला. ह्यांनी गाडी मागे वळवली.