पीळ कुणी दिला होता

सुकरूभाऊंच्या हाताबद्दल जे खरं आहे, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सात वर्षं झाली. आज का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. सांगतोय, एवढंच.

मी सालेकसाजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. ग्रीकांच्या लढायांचं मला वेड. भाताच्या बांध्यांत वाढलेल्या पोवार शेतकऱ्याच्या पोराला अथेन्सशी काय देणंघेणं, म्हणून घरचे हसायचे. हसोत. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी ठरवलं — ग्रीकांचं दगड फेकणारं यंत्र करायचं. चित्र नाही, खरंखुरं, माणसाच्या उंचीचं. दोन बाजूंना पीळ दिलेल्या दोरांच्या जुड्या, प्रत्येकीत अडकवलेला लाकडी दांडा, दोन्ही दांड्यांच्या टोकांना बांधलेली दोरी. सगळी ताकद पिळात. ग्रीक लोक जनावरांच्या स्नायुबंधांचे दोर वळायचे. आम्ही माहुलाच्या वेलीच्या सालीचे वळले.

आम्ही कसलं — सगळं सुकरूभाऊंनीच केलं. गावातले वाढई, म्हणजे सुतार, साठीला आलेले. पुस्तकातलं चित्र एकदा उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "हे त आपल्या करवतीवानीच हाय, गुरुजी." त्यांच्या करवतीच्या चौकटीलाही पिळाची दोरी असते, तिच्यात अडकवलेली लाकडी चिपळी फिरवली की पातं ताणलं जातं. काम संपलं की दोरी सैल करूनच ते करवत भिंतीला टांगत. न चुकता. यंत्राचंही तसंच. "रातभर तानून ठेवलं त दोरी दगा देते," म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दगड फेकून पाहिला. पटांगणातल्या कडुलिंबापर्यंतच गेला. मला तो कुंपणापलीकडे हवा होता. पाहुणे येणार होते, टाळ्या वाजणार होत्या — इतकी साधी हाव. पाच वाजता भाऊंनी पीळ उतरवला, पीळ अडवणाऱ्या खुंट्या परत जागी खोचल्या, हात धुतले, घरी गेले. मी मागे राहिलो. जुड्यांच्या डोक्यावरच्या लोखंडी सळया फिरवून पुन्हा पीळ दिला — होता तेवढा, आणि वर दोन वेढे. खुंट्या ठोकल्या. ताडपत्री घातली. घरी येऊन पोटभर जेवलो.

सकाळी ते माझ्याआधी पोचले. पीळ स्वतःच उतरवलेला, मग तपासायचं काय? ताडपत्री काढून, नव्यानं पीळ द्यायला त्यांनी खुंटी उपटली. जुडी गरकन उलटी फिरली आणि सळई उजव्या हातावर बसली. मी फाटकातून आत येत होतो. आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

मुख्याध्यापकांनी विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, "पीळ उतरवायचं काम त्यांचंच होतं." वाक्य खोटं नव्हतं — बघा, किती जपून निवडलं होतं. उरलेलं लोकांनी जोडलं. वय झालं. मोहाची घेतली असेल. मी ऐकत उभा राहिलो.

वर्गात मी दरवर्षी शिकवतो, की ग्रीकांच्या रांगेत प्रत्येकाची ढाल डावीकडच्या सोबत्यालाही झाकायची. ढाल टाकून पळणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नसे. मी बोलतो, पोरं लिहून घेतात, घंटा होते. आत काही हलत नाही. लाज वाटायला हवी ना? वाटते — पण दुसऱ्या कुणाची असावी तशी.

त्यांचा अंगठा पुन्हा वळलाच नाही. रंधा धरता येत नाही. ते दवाखान्यातून आल्यावर मी भेटायला गेलो — सगळं सांगायचं ठरवून. तेच आधी बोलले. "मीच भुललो असन, गुरुजी. उतरवलो असं वाटते, पन नसन उतरवलो. तुमच्या कार्यक्रमाचा सत्यानाश केलो."

आणि मी काय म्हणालो? "असू द्या, भाऊ." मी त्यांना माफ केलं!

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. सात वर्षं न वापरलेली करवत भिंतीला टांगलेली, दोरी सैल लोंबत असलेली. दिवेलागणीला ते उठले, डाव्या हातानं दोरी चाचपली, बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. त्यांची बायको चहा देत म्हणाली, "रोजचंच हाय हे. पीळ राह्यला का म्हून पाहून राहिले."

मी चहा संपवला. ते तिसऱ्यांदा उठले.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पीळ उतरवला होता. माझ्या डोळ्यांदेखत.