गिरणीवरची साक्ष

लग्न होऊन या गावात आल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवायची. सिरसाळ्याचा बाजार झाला, की दुसऱ्या दिवशी दारात डब्यांची रांग लागायची.

अशाच एका सकाळी रांगेत बौद्ध वस्तीतली एक बाई होती, नुकतीच ऊसतोडीहून परतलेली. तिच्या ज्वारीचा डबा मी उचलणार, तेवढ्यात माझे चुलतदीर आत आले. गावचं राजकारण त्यांच्याच ओसरीवर चालायचं.

"वहिनी, आदी आमचे गहू घ्या. तिच्यामागं आमचं दळण पडायचं न्हाई."

"नंबरानं घेते, भावजी."

त्यांनी तिच्या डब्याला लाथ मारली. ज्वारी मुरमात सांडली. तिच्या जातीवरून ते जे बोलले, ते मी लिहिणार नाही. बाई खाली बसून दाणे वेचायला लागली. मी गिरणी बंद केली.

"तुमी सांडलीत, भावजी. तुमीच भरा."

"कुणाच्या घरात नांदता ते इसरू नका," ते म्हणाले आणि गेले.

बाईनं पोलिसांत तक्रार केली. मी साक्षीदार म्हणून जबाब दिला. रांगेतल्या बाकी कुणालाच काही दिसलं नव्हतं म्हणे.

त्यानंतर गिरणीत भावकीतलं कुणी फिरकलं नाही. रोज गप्पा मारणाऱ्या बायका माझ्या दारावरून दळण घेऊन जायच्या आणि दिंद्रुडच्या रिक्षात चढायच्या. गिरणी बाटली, असं त्यांनी ठरवलं होतं. डेअरीवाला आमचं दूध नासकं म्हणून परत पाठवायला लागला. सासूबाईंनी माझ्या हातचं खाणं सोडलं. चूल वेगळी मांडली. नवरा ओरडायचा, "कशापायी बोललीस? ती काय तुझ्या नात्यातली हाय?"

केस उभी राहिली आणि त्या बाईनंच जबाब फिरवला. डबा हातातून निसटला, असं तिनं सांगितलं. मी तिला एसटी स्टँडवर गाठलं. मी लई संतापले होते.

"मंग मी कशाला भांडले गं?"

तिनं नजर खाली घेतली. "आक्का, ऊसतोडीचा मुकादम तुमच्या दिराचाच माणूस हाय. त्यानं टोळीत घेतलं न्हाई तर आमी खावं काय? तुमी बोललात, ते मी इसरले न्हाई. पर मला ऱ्हायचंय इथं."

तिचं म्हणणं मला कळलं. राग मात्र तसाच राहिला.

मी साक्ष बदलली नाही. कोर्टात दिरांच्या वकिलानं विचारलं, "दिराशी तुमचा बांधाचा वाद आहे ना?" असला कुठलाच वाद नव्हता; मी नाही म्हणाले. मागं बसलेले भावकीतले लोक मोठ्यानं हसले. दीर सुटले. त्या संध्याकाळी माझ्याच दारात फटाके वाजले.

गिरणी पुढं नांदूरघाटच्या एका माणसाला विकली. आता मी घरीच ब्लाउज शिवते, बहुतेक गिऱ्हाईक बौद्ध वस्तीतलंच. सासूबाईंची चूल अजून वेगळी आहे. नवरा बोलायला लागलाय, पण जेवताना ताट स्वतःच वाढून घेतो.