लेकरं धरण्याचं काम

लग्नाआधी दोन-अडीच वर्षं मी भंडाऱ्याला एका दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होते. कोणी विचारलं तर मी मदतनीस होते असं सांगते. औजारं उकळायची, चिठ्ठ्या द्यायच्या, ग्लासात पाणी भरून ठेवायचं, हे सगळं मी करायचे. पण डॉक्टरांनी मला ठेवलं होतं ते लहान मुलांना धरायला.

आमचं घर लाखनीला, हायवेच्या कडेला. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बारावी होऊन मी घरी बसले होते, तेव्हा दुकानावर येणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं ही जागा सांगितली. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली, "इकडे ये. याचे पाय धर." खुर्चीत पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. मी भीत भीत त्याच्या घोट्यांवर हात ठेवले. त्यानं एक लाथ मारली, ती माझ्या हनुवटीला लागली. डॉक्टर म्हणाले, "असं नाही. गुडघ्यांवर अंगाचा भार टाक. दोन्ही मनगटं एका हातात. दुसरा तळवा कपाळावर. कपाळ हललं नाही की पोर हलत नाही."

महिनाभरात मला ते जमलं. पुढे इतकं जमलं की डॉक्टर बाहेर बसलेल्या लोकांसमोर म्हणायचे, "हिनं धरलं की काळजी नाही." मला ते ऐकायला आवडायचं. घरी आईलाही मी ते सांगितलं होतं.

धरण्याआधीचं एक काम मी स्वतःच शोधून काढलं होतं. मुलं डॉक्टरांना पाहून तोंड मिटायची, पण माझ्यासमोर उघडायची. मी त्यांच्याएवढी खाली बसून विचारायचे, "दाखव बरं किती दात आहेत तुले? मी फक्त मोजते." मूल आ करायचं. मी एक, दोन, तीन म्हणायचे आणि तेवढ्यात डॉक्टर पाठीमागून सुई घेऊन यायचे. दाढांमध्ये रबराचा ठोकळा बसला की तोंड मिटायची सोय राहत नसे. एकदा फसलेलं मूल दुसऱ्यांदा फसत नाही. पण दात काढून झाल्यावर बहुतेक मुलं परत यायचीच नाहीत, त्यामुळे माझी युक्ती कायम नवीच राहायची.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं होतं, तरी तिकडचीही पुष्कळ माणसं सवयीनं आमच्याकडेच यायची. तुमसरकडून तर रोज यायची. त्यांच्यातच एक दिवस सिहोऱ्याचा एक बाप चार वर्षांच्या मुलीला घेऊन आला. धानाची शेती करणारा, सडसडीत माणूस. मुलीच्या दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. पुढचे वरचे चार दात खुंटाएवढे उरलेले, काळे. खालच्या डाव्या दाढेत पू झाला होता.

बापानं विचारलं, "डॉक्टर साहेब, इतक्या लहान लेकराचे दात असे काहून झाले जी?"

"गोड खाऊन. चॉकलेट बंद करा," डॉक्टर म्हणाले.

"चॉकलेट कुठचं साहेब? दुधाची बाटली तेवढी लागते तिले झोपताना. साखर टाकून."

डॉक्टर तोवर हात धुवायला वळले होते. त्याला पुढचं काही कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

मी मुलीसमोर बसले. "दाखव बरं, मी मोजते."

"मले येते मोजता," ती म्हणाली. "अंगणवाडीत शिकवलं. वीसपर्यंत येते."

"मग तूच मोज. मी बोट ठेवते, तू म्हण."

ती स्वतःहून खुर्चीत चढली. मी दातावर बोट ठेवायचे आणि ती तोंड उघडं ठेवूनच घशातून आकडा म्हणायची. एक. दोन. तीन. चारला डॉक्टरांनी ठोकळा बसवला आणि मी कपाळावर तळवा टाकला.

पू असला की बधिर करायची सुई नीट लागत नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. तोवर मलाही माहीत झालं होतं. आधी चार-पाच दिवस गोळ्या द्यायच्या, मग काढायचं, असं ते मोठ्या माणसांच्या बाबतीत करायचे. लहान मुलांचे बाप पुन्हा येत नाहीत, म्हणून मुलांचं एकाच खेपेत उरकायचे. त्या मुलीला सुई लागलीच नव्हती. ठोकळ्यामुळे तिला शब्द बोलता येत नव्हता. ती फक्त माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरांनी चिमटा लावला तेव्हा तिच्या अंगातून जे गेलं, ते माझ्या तळव्याला कळलं. मी म्हणू शकले असते, "साहेब, बधिर नाही झालं." मी भार वाढवला.

दाढ तुकड्या-तुकड्यानं निघाली. बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. झाल्यावर ती रडली नाही. तिची चड्डी ओली झाली होती. बाप तिला उचलून घेता घेता मला म्हणाला, "थँक्यू दीदी. बरं झालं धरलं तुम्ही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांची बायको त्यांच्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. दुपारी, बाहेर कोणी नसताना. डॉक्टरांनी मुलीला खुर्चीत बसवलंच नाही. नवरा-बायको दोन स्टुलांवर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसले. मुलगी आईकडे तोंड करून मांडीवर, मग हळूच मागे आडवी, डोकं बापाच्या मांडीत. आईनं तिचे हात हातात घेतले, धरले नाहीत. डॉक्टरांनी बोटानं वरचा ओठ उचलला, हिरड्यांच्या कडा पाहिल्या आणि छोट्या ब्रशनं दातांवर कसलं तरी पिवळसर औषध फिरवलं. मिनिटभराचं काम. मुलगी कुरकुरली, तर ते थांबले. थांबताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

मला म्हणाले, "पहिला दात आला की बघायला सुरुवात करायची असते. हिरडीजवळ पांढरी रेघ दिसली तर तिथंच थांबवता येतं. पुढे काही करावंच लागत नाही."

मी मान हलवली. हे बाहेरच्या लोकांना का सांगत नाही, असं मी विचारलं नाही. मलाही ते सांगावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मुलं होती, तिन्ही मी धरली.

सात-आठ महिन्यांनी सिहोऱ्याचा तो बाप पुन्हा आला. मुलगी त्याच्या खांद्यावर होती. डावा जबडा कानाखालपासून हनुवटीपर्यंत सुजून टणक झालेला, कातडी लाल, चकचकीत. अंगात ताप. दाढेचं एक मूळ आत राहून गेलं होतं आणि शेजारची दाढही सडली होती.

"इतके दिवस काय करत होता?" डॉक्टर बापावर ओरडले.

"सांगतलंच नाही साहेब पोट्टीनं. भात बिनचावता गिळून राहिली होती. तिच्या आजीले वाटे, लाडात आली." मग त्यानं मुलीला खाली उतरवलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "काहून नाही सांगतलं वं? काहून?"

तिनं मला ओळखलं होतं. मी खाली बसले. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "दाखव बरं..."

"नाही मोजा लागत," ती दात न उघडता म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "धर."

मी धरलं. ती सुटायला धडपडली तेव्हा माझा अंगठा कपाळावरून घसरून सुजेवर दाबला गेला. तिच्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. पण तोंड उघडेना. ते आता तिच्या हातात नव्हतं, जबडाच आखडला होता. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न केला आणि चिमटा ट्रेमध्ये टाकला. "नागपूरला न्या. आजच न्या." मी हात काढला. माझ्या अंगठ्याचा खड्डा तिच्या गालावर तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतल्यासारखा. ती बापाच्या खांद्यावरून दाराबाहेर गेली, तोवर तो भरून आला नव्हता.

पुढे तिच्या गावचा एक माणूस दात दाखवायला आला होता, त्याच्याकडून कळलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात बाहेरून गालाखाली चिरून पू काढला, बरेच दिवस ठेवलं, वाचली. डॉक्टर म्हणाले, "नशीब." मी म्हटलं, "हो." तेव्हाच काम सोडलं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. मी त्यानंतरही वर्षभर होते. लग्न ठरलं म्हणून सोडलं.

सासर जवाहरनगरचं. नवरा फॅक्टरीत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मुलगा झाला. त्याला पहिला दात आला त्या दिवसापासून मी ओल्या कापडानं पुसायला लागले. सासूबाई हसायच्या, "दुधाचे दात, पडूनच जातात. कायले इतकी चिंता?" मी बाटली बंद केली, साखर बंद केली. सव्वा वर्षाचा असताना एकदा ब्रश लावताना त्यानं मान फिरवली. मला कळायच्या आत माझा तळवा त्याच्या कपाळावर गेला, दोन्ही मनगटं एका मुठीत आली, गुडघा पायांवर गेला. पोर श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिलं.

नवरा ड्युटीवर निघता निघता दारात थबकला. "सोड वं त्याले! काय करून राहिली?"

मी सोडलं. मनगटांवर लाल वळ उठले होते. त्या दिवसापासून बरेच महिने नवऱ्यानंच त्याला ब्रश केला. मी दुसऱ्या खोलीत थांबायचे.

मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर सिहोऱ्याला नात्यातल्या एका लग्नाला गेलो. जेवणं झाल्यावर मी मांडवाबाहेर आले. एका बाईला विचारलं, इथं एक मुलगी आहे, लहानपणी दातानं खूप आजारी होती, गालावर व्रण आहे... मला पुढे बोलावंच लागलं नाही. "ते गालफाटी होय?" ती मोठ्यानं म्हणाली आणि शेजारच्या पोरांनी एका आवाजात घर दाखवलं. गावानं तिला हे नाव दिलं होतं.

अंगणात तिची आजी एका दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितलं. दवाखान्यात मीच धरलं होतं, माझी चूक झाली, असंही सांगितलं. वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, त्यातले निम्मे आठवले नाहीत.

आजी म्हणाली, "चूक कायची बाई? लेकरू आहे, धराच लागते. बसा न, चहा ठेवतो."

मुलगी दारात उभी होती. नऊ-दहा वर्षांची. जबड्याखाली आत ओढलेला, दुमडलेला व्रण, त्यामुळे ओठाची डावी कड जराशी खाली गेलेली. ती आमच्याकडे पाहत होती, पण जवळ येत नव्हती.

आजीनं नातवाला पुढे केलं. "आल्याच आहा तं याचे दात पाहून घ्या. तुम्हाले समजते."

मी हात लावला नाही. आजीला म्हटलं, तुम्हीच त्याचा ओठ वर करा. तिनं केला. वरच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, खडूसारखी पांढरी रेघ होती. अजून काळं काही नव्हतं. मी सांगायला लागले. झोपताना बाटली नको, दूध बिनसाखरेचं. दात आले की दोन वेळा घासायचे, मांडीवर आडवं घेऊन. दर काही दिवसांनी ओठ उचलून पाहायचं. भंडाऱ्याला नेऊन औषध लावून घ्यायचं, दुखत नाही, एका मिनिटाचं काम असतं. आजी हो हो करत होती. मुलगी दोन पावलं पुढे आली होती.

"असं केलं तं दात काढा नाही लागत?" तिनं विचारलं. बोलताना तिचा हात व्रणावर गेला.

"नाही लागत."

"पहिलेपासून?"

"हो. पहिल्या दातापासून."

"तुम्हाले तेव्हा माहीत होतं?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पहिल्यांदा ती आली तेव्हा खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा होतं. पण तेवढा हिशेब तिच्यापुढे मांडायची मला लाज वाटली.

"होतं," मी म्हटलं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

आजी तिच्यावर खेकसली, "पाहुण्या बाईले असं बोलतेत का वं?" मुलीनं उत्तराची वाट पाहिली नाही. लहान भावाला आजीच्या मांडीवरून उचलून कडेवर घेतलं आणि आत निघून गेली. आजी चुलीकडे वळली. मी चहा न घेताच उठले.