टाकीला विरजण

आमच्या डेअरीच्या मालकांना स्वच्छतेचा भारी सोस. दुधाचा कॅन असो की ऑफिसातली खुर्ची, दिसली की घासायची. खामगावहून पिंपळगाव राजाकडे जाताना रस्त्याला लागूनच ही छोटी डेअरी आहे आणि तिथलं सांडपाणी माझ्याकडे. म्हणजे दूध, दही, पनीर सगळं जगाचं, आणि उरलेलं घाण पाणी माझं!

हे पाणी साफ करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. मोठ्या टाकीत तपकिरी गाळ असतो, खालून हवा सोडायची, की त्या गाळातले जिवाणू पनीरचं आंबट पाणी खाऊन टाकतात. गाळ दिसायला ओंगळ, पण खरं काम तोच करतो. हे मी मालकांना कितीदा तरी समजावलं होतं. दर वेळी ते "हाव, हाव" म्हणत मान डोलवायचे. माणूस इतक्या पटकन हाव म्हणाला की त्याने ऐकलेलं नसतं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

प्रदूषण मंडळाचे साहेब पुढच्या महिन्यात तपासणीला येणार असं समजलं. पाण्याचा नमुना बरोबर निघाला नाही तर डेअरीची परवानगीच अडकणार. मी निर्धास्त होते, टाकी झकास चालली होती, जरासाही वास नव्हता. म्हणून दोन दिवस माहेरी, वरवट बकालला जाऊन आले. परतले तर मालक फाटकातच उभे. पोरीचं लग्न जमल्यासारखा चेहरा.

"ताई, डोये मिटा अन् चाला माया संगं."

टाकीजवळ नेऊन डोळे उघडायला लावले. टाकी रिकामी करून, ब्रशने घासून, फिनाइलने धुऊन, बोअरच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. तळ दिसत होता, तळ!

"अन् गाळ?"

"लिंबाच्या बगिच्यात फेकला. साहेबाले अशी घान दाखवाची काय?"

राग आला की माझी कॉलेजातली मराठी गळून पडते. "अवो, मारून टाकलं न तुमी सगळ्याईले!" मी ओरडले. कामावरची माणसं धावत आली, कोण मेलं म्हणून. बागेत जाऊन पाहिलं तर गाळ उन्हाने वाळून कडकडीत झालेला. त्याच्यात जीव उरला असण्याची आशाच नको.

मग मालकांनी त्यांची ठरलेली चाल खेळली. "पण तुमी सुट्टीवर कायले गेल्या? तुमी असत्या तर झालं असतं का हे?"

हा त्यांचा स्वभावच. दूध नासलं तर गवळ्याचं चुकलं, मोटार जळली तर वायरमनचं. माझ्या आधीचा ऑपरेटर असाच घरी बसला. आणि माझ्या नावावर एकदा निष्काळजीपणाचा शेरा पडला की जिल्ह्यातला दुसरा कोणता कारखाना मला दारात उभं करणार? बाईला या कामावर घ्यायचं म्हटलं की आधीच सगळे कां-कूं करतात. रडावं की भांडावं कळेना. मग भांडले. ते मला जास्त चांगलं जमतं.

भांडून दमल्यावर मालक हळूच म्हणाले, "मंग आता काय कराचं?"

"घरातलं दही संपलं तर काय करता? शेजारून विरजण आणता न? टाकीलेही तेच लागते. कोणाच्या चालू टाकीतला गाळ आणून घालाचा."

विरजण म्हणताच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर्षभर घसा कोरडा केला मी, तेव्हा हा शब्द का सुचला नाही देव जाणे. त्यांनी लागलीच पनीर बंद ठेवलं, गावोगावचं दूध दुसऱ्या डेअरीकडे वळवलं आणि पिकअपमध्ये निळे ड्रम टाकले. शेगावात एका लॉजवर संडास-बाथरूमचं पाणी साफ करणारी टाकी आहे आणि ती उत्तम चालते, हे मला ठाऊक होतं. आम्ही तिकडेच निघालो.

पोचेपर्यंत दिवेलागण झाली. काउंटरवर लॉजवाल्याची आई बसली होती, नुकताच देवाजवळ दिवा लावून. मालकांनी हात जोडले. "मावशी, तुमच्या टाकीतलं जराक विरजण पाह्यजे होतं."

"दिवे लागल्यावर विरजण? नाई बाप्पा! घरची बरकत जाते."

"मावशी, हे दह्याचं नाई," मी म्हटलं.

"विरजण थे विरजण."

"अवो मावशी, संडासातलं हाये थे!"

मी इतक्या जोरात बोलले की खोलीसाठी थांबलेला भाविकांचा अख्खा घोळका माझ्याकडे वळून बघायला लागला. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "संडास मायाच लॉजचा हाये न? मंग बरकतही मायीच. सकायी घ्या."

झालं! मालकांकडे खाऊ का गिळू असं बघत मी तिथेच मुक्काम केला. सकाळी मावशींनी स्वतः उभं राहून ड्रम भरून दिले. वर पहिल्या ड्रमाला हळदीकुंकू लावलं. खामगावच्या प्रत्येक गतिरोधकावर मालक मागे ड्रम कवटाळून बसले होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

त्यानंतर मी त्या टाकीला रोज थोडं थोडं पनीरचं पाणी पाजत गेले. आधी नुसता फेस यायचा आणि असा वास की जेवण जाऊ नये. मग हळूहळू गाळ धरायला लागला. साहेब आले तेव्हा टाकी पुन्हा तपकिरी दिसत होती. पण साहेब जाणकार निघाले. बरणीत पाणी घेऊन त्यांनी उजेडात धरलं.

"गाळ फार कोवळा आहे. टाकी तर जुनी आहे ना? मग जुना गाळ कुठे गेला?"

मालक घाईघाईने पुढे आले. आलं माझं नाव, मी मनात म्हटलं, आणि खाली मान घातली.

"साहेब, म्या धुतली. फिनाइलनं. ताई माहेरी होत्या. त्यायनं सांगून ठेवलं होतं, म्याच आयकलं नाई. काय लिहाचं थे माया नावावर लिहा."

साहेबांनी नमुन्याची बाटली भरली, झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओढणीने डोळे पुसत होते. "काय झालं, ताई?"

"काही नाही, साहेब. वास झोंबला डोळ्यांना."

साहेब टाकीवर वाकले. एकदा, दोनदा नाक ओढून बघितलं.

"वास? वास तर अजिबातच येत नाही."